जुन्या किट-कारमध्ये नवे इंजिन : एक्सोसेटमधील १.६ काढून १.८ व्हीव्हीटी बसवताना

एमईव्ही या ब्रिटनमधील छोट्या उत्पादकाने २०१० च्या सुमारास आणलेल्या एक्सोसेट या किट-कारची (सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडायच्या गाडीची) कल्पना साधी आहे. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीतील गाडीचे पत्र्याचे कवच उतरवायचे आणि तिचे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, पुढची-मागची सबफ्रेम व गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट हे सारे जसेच्या तसे नळ्यांच्या नव्या सांगाड्याखाली घ्यायचे. त्या काळी स्वस्तात मिळणाऱ्या गंजलेल्या एमएक्स-५ गाड्यांपैकी पुष्कळ १.६ लिटरच्या असल्यामुळे अनेक जुन्या एक्सोसेटमध्ये आजही तेच इंजिन आहे. त्यातही १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या काही १.६ गाड्यांची शक्ती ११५ वरून ९० अश्वशक्तीपर्यंत खाली आणलेली होती. अशा गाडीत त्याच घराण्यातील, परंतु दहा वर्षांनी तरुण असलेले, २००१ ते २००५ या काळातील १.८ लिटर व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलू शकणारे) इंजिन कसे बसवावे, हे येथे सांगायचे आहे.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. ही दोन्ही इंजिने माझदाच्या बी मालिकेतील आहेत, दोघांच्या ब्लॉकला गिअरबॉक्स जोडणारी भोके एकाच जागी आहेत आणि इंजिनाचे दोन्ही माउंट जुन्या सबफ्रेमवर विनातक्रार बसतात. त्यामुळे इंजिन जागेवर बसवण्याचे काम एका शनिवार-रविवारात होते आणि ते झाले की काम संपल्यासारखे वाटते. खरे काम त्यानंतरचे आहे. जुन्या गाडीची विजेची, पाण्याची आणि पेट्रोलची व्यवस्था १९८९ च्या विचाराने बांधलेली आहे आणि नव्या इंजिनाला २००१ ची व्यवस्था अपेक्षित आहे. ही दोन युगे जेथे जेथे एकमेकांना भेटतात, तेथे नेमके काय करायचे हे इंजिन विकत घेण्यापूर्वी ठरवून ठेवले, तर पुढचे सारे सुरळीत होते.

इंजिन ओळखणे आणि विकत घेणे

१.६ इंजिनाला बी६ म्हणतात. त्याची क्षमता १५९७ घनसेंटीमीटर आहे. १.८ इंजिन म्हणजे बीपी, क्षमता १८३९ घनसेंटीमीटर, बोअर ८३ आणि स्ट्रोक ८५ मिलिमीटर. बीपीची तीन रूपे बाजारात भेटतात. पहिल्या पिढीतील गाड्यांचे बीपी-०५ हे ९.० कॉम्प्रेशनचे इंजिन आहे. दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत ९.५ कॉम्प्रेशनचे बीपी-४डब्ल्यू येते. २००१ पासूनच्या बीपी-झेड३ मध्ये कॉम्प्रेशन १०.० आहे आणि इनटेक कॅमची वेळ तेलाच्या दाबाने पुढे-मागे करणारी यंत्रणा आहे. हेच व्हीव्हीटी इंजिन. व्हॉल्व्ह कव्हरच्या पुढच्या टोकाला असलेला फुगवटा आणि त्याजवळ दोन तारांची कॉइल असलेला तेलाचा व्हॉल्व्ह पाहून ते दुरूनच ओळखता येते. दुसऱ्या पिढीतील १.६ गाड्यांना व्हीव्हीटी नाही, त्यामुळे केवळ "नव्या गाडीचे इंजिन" एवढ्या वर्णनावर पैसे देऊ नयेत.

व्हीव्हीटीचा लाभ कमाल शक्तीपेक्षा मधल्या फेऱ्यांत जास्त जाणवतो. बीपी-झेड३ ची कागदोपत्री शक्ती १४६ अश्वशक्तीच्या आसपास आहे. परंतु मूळ एमएक्स-५ पेक्षा कितीतरी हलक्या असलेल्या एक्सोसेटमध्ये तीन हजार फेऱ्यांवर मिळणारा भरीव टॉर्क गाडीचा स्वभावच बदलून टाकतो. केवळ अधिक शक्ती हवी असेल तर बीपी-४डब्ल्यू स्वस्त पडते आणि त्याची वायरिंगही सोपी आहे. व्हीव्हीटी यंत्रणा चालवण्याची तयारी असेल तरच झेड३ घ्यावे. ती यंत्रणा जोडल्याविना सोडून देण्यात काही अर्थ नाही.

शक्य असेल तर सुटे इंजिन घेऊ नये, अपघातात गेलेली अख्खी गाडी घ्यावी. ते शक्य नसेल तर इंजिनाबरोबर इनटेक मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, चारही इंजेक्टर, इग्निशन कॉइल, कॅम आणि क्रँकचे सेन्सर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, इंजिनाची वायरिंग आणि विशेषतः क्रँक पुलीमागची दातेरी चकती मागून घ्यावी. माझ्या पहिल्या इंजिनाबरोबर ही चकती आलीच नव्हती आणि त्या एका छोट्या पोलादी तुकड्यासाठी काम तीन आठवडे अडून राहिले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डही विसरू नये, कारण १.६ चे मॅनिफोल्ड १.८ च्या हेडवर बसत नाही. एक्सोसेटमध्ये एक्झॉस्टचा मार्ग बहुधा स्वतंत्र बनवलेला असतो, त्यामुळे नव्या मॅनिफोल्डच्या फ्लँजपासून पुढची नळी कापून पुन्हा वेल्ड करावी लागते. तो खर्च आधीच धरावा.

चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजल्याविना इंजिन घरी आणू नये. आकडा किती येतो यापेक्षा चौघांत फरक किती आहे, हे अधिक महत्त्वाचे आहे. तेल भरण्याचे झाकण उघडून आत पाहावे. तेथे काळा डांबरासारखा थर असेल तर ते इंजिन सोडून द्यावे, कारण व्हीव्हीटीचे सारे काम स्वच्छ तेलावर आणि अरुंद मार्गांवर चालते.

जुने इंजिन बाहेर काढणे

बॅटरी सोडण्यापूर्वी फ्युएल पंपाचा रिले काढून इंजिन सुरू करावे आणि ते आपोआप बंद पडू द्यावे, म्हणजे नळीतील पेट्रोलचा दाब उतरतो. त्यानंतर बॅटरी सोडावी, कूलंट व तेल काढावे आणि प्रत्येक तार व नळी सोडण्याआधी तिचे छायाचित्र घेऊन तिला चिठ्ठी बांधावी. एक्सोसेटला बॉनेटच नसल्याने आणि चहूबाजूंनी हात जात असल्याने हे काम मूळ एमएक्स-५ पेक्षा फार सुखाचे आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच काढावेत. गिअरबॉक्स गाडीत ठेवून केवळ इंजिन उचलता येते, परंतु बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट सोडताना आणि पुन्हा जोडताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लचमध्ये नेमका बसवण्यासाठी जो झगडा करावा लागतो, तो एकत्र काढण्याच्या कष्टापेक्षा मोठा आहे. एकत्र काढताना गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी चौकट सोडावी लागते. ती सोडताच डिफरन्शियलचे नाक खाली झुकते, म्हणून त्याखाली आधी जॅक आणि लाकडाचा ठोकळा द्यावा. चौकट पुन्हा बसवताना गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाची उंची वर्कशॉप मॅन्युअलमधील मापाप्रमाणे ठेवावी, अन्यथा प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून विशिष्ट वेगाला थरथर जाणवते. काढण्यापूर्वीच ही उंची जमिनीपासून नव्हे तर सांगाड्याच्या एका ठरावीक नळीपासून मोजून लिहून ठेवली, तर नंतर पडताळायला सोपे जाते.

टेबलावर करायची कामे

नवे इंजिन स्टँडवर असताना ज्या गोष्टी तासाभरात होतात, त्याच नंतर गाडीत पूर्ण दिवस खातात. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, क्रँक व कॅमची पुढची सीले, क्रँकचे मागचे सील आणि व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट हे सारे, इंजिनाचा इतिहास काहीही सांगितला गेला असला तरी, नवे घालावे. बेल्ट घातल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवून सर्व खुणा पुन्हा जुळतात की नाही ते पाहावे. क्रँक पुलीच्या मध्यवर्ती बोल्टचा टॉर्क १५७ ते १६६ न्यूटन-मीटर आहे. दातेरी चकती उलटी बसवली गेल्यास इंजिन सुरूच होत नाही आणि दोष सापडायला दिवस जातात, म्हणून ती काढतानाच पुढच्या बाजूला रंगाचा ठिपका द्यावा. क्रँक सेन्सर आणि चकतीचा दात यांत ०.५ ते १.५ मिलिमीटर अंतर असावे. मी ते फीलर गेजने १ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो.

१.६ च्या मालकांना सवयीने चुकवणारी एक बाब येथे आहे. जुन्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यामुळे व्हॉल्व्हचे अंतर कधी तपासावेच लागत नाही आणि थंडीत थोडी टकटक झाली तरी तेल चढताच ती थांबते. दुसऱ्या पिढीच्या १.८ मध्ये शिम (अंतर ठरवणाऱ्या पातळ चकत्या) घातलेले घन टॅपेट आहेत. येथे टकटक झाली तर ती आपोआप जाणार नाही. इंजिन थंड असताना इनटेकचे अंतर ०.१८ ते ०.२४ आणि एक्झॉस्टचे ०.२८ ते ०.३४ मिलिमीटर असावे. एक्झॉस्टचे अंतर कमी झाले असेल तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह जळतो; म्हणून शांत इंजिनाचीही मोजणी करावी.

क्लचबाबत निर्णय सोपा आहे. १.६ ची क्लच प्लेट २०० मिलिमीटरची, १.८ ची २१५ मिलिमीटरची; गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील दातांची रचना सारखीच असल्याने १.८ चे फ्लायव्हील आणि मोठा क्लच जुन्या गिअरबॉक्सबरोबर चालतो, आणि तोच घ्यावा. फ्लायव्हीलचे बोल्ट ९६ ते १०३ आणि प्रेशर प्लेटचे १८ ते २६ न्यूटन-मीटरला आवळावेत. फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेले पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सवरचे रिलीज बेअरिंग जुने ठेवू नये.

डिफरन्शियलकडे मात्र नीट लक्ष द्यावे. १.६ गाड्यांचे डिफरन्शियल लहान, सहा इंची गिअरचे आहे. हलक्या गाडीत आणि संयमी पायाखाली ते टिकते, परंतु शर्यतीच्या मैदानावर चिकट टायरांनिशी ते तुटण्याची शक्यता खरी आहे. १.८ चे सात इंची डिफरन्शियल घ्यायचे झाल्यास त्याबरोबर १.८ चा प्रोपेलर शाफ्ट आणि दोन्ही ड्राइव्हशाफ्टही घ्यावे लागतात. अख्खी गाडी विकत घ्यावी असे वर म्हटले, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

पाण्याचा मार्ग

या भागावर मी सर्वाधिक वेळ खर्च करतो आणि तुम्हीही करावा, असे मनापासून वाटते. बी मालिकेचे इंजिन मूळचे माझदा ३२३ सारख्या, इंजिन आडवे बसवलेल्या गाड्यांसाठी बनले. त्या रचनेत पंपाकडून पाणी पुढच्या टोकाने आत शिरते, चारही सिलिंडरांभोवती फिरते आणि गिअरबॉक्सच्या बाजूने, म्हणजे हेडच्या मागच्या टोकाने, बाहेर पडते. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभे बसवल्यावर मागे केबिनची भिंत आली, तेव्हा बाहेर पडण्याचे तोंड आणि थर्मोस्टॅट पुढे आणले गेले. परिणामी पाणी पुढूनच येते आणि पुढूनच जाते. चौथ्या, म्हणजे सर्वांत मागच्या, सिलिंडरकडे फिरणारे पाणी मुख्यतः हीटरच्या नळीच्या ओढीनेच तेथपर्यंत पोहोचते.

आता एक्सोसेटचा विचार करा. दारे नाहीत, छप्पर नाही, म्हणून बांधणारे बहुतेक जण हीटर काढून टाकतात आणि हेडच्या मागचे तोंड रबरी टोपीने बंद करतात. त्यामुळे चौथ्या सिलिंडरला उरलासुरला प्रवाहही मिळत नाही आणि तापमापक मात्र सारे ठीक असल्याचे दाखवत राहतो. हीटर नसेल तर निदान मागचे तोंड आणि पंपाकडे जाणारी नळी एकमेकांना जोडून पाणी फिरते ठेवावे. याहून चांगला उपाय म्हणजे थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेणे आणि तेथून एक जाड नळी रेडिएटरकडे आणणे. मूळ गाडीत मागच्या भिंतीमुळे हे काम अडचणीचे होते, पण एक्सोसेटमध्ये बोट घालायला भरपूर जागा असल्याने ते सहज होते.

असे केले तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या गाडीत रेडिएटरचा पंखा पुढच्या थर्मोस्टॅटच्या घरात बसवलेल्या तापस्विचने सुरू होतो. थर्मोस्टॅट मागे गेला की त्या स्विचजवळ गरम पाणी पोहोचत नाही आणि पंखा कधीच फिरत नाही. दुसऱ्या पिढीत पंखा ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) चालवतो, म्हणून नव्या ईसीयूकडून पंख्याच्या रिलेला स्वतंत्र तार द्यावी.

पेट्रोल

पहिल्या पिढीच्या गाडीत पेट्रोलची एक नळी टाकीकडून येते आणि एक परत जाते. दाब राखणारा रेग्युलेटर इंजिनावरच्या रेलवर असतो. तुमच्या नव्या इंजिनाच्या रेलवर परतीचे तोंड आहे की नाही ते आधी डोळ्यांनी पाहावे. नसेल, तर त्या गाडीत रेग्युलेटर टाकीत होता असे समजावे आणि तुमच्या गाडीत रेलपूर्वी वेगळा रेग्युलेटर बसवून त्याची परतीची नळी जुन्या परतीच्या मार्गाला जोडावी. इंजिनाजवळची प्रत्येक रबरी नळी इंजेक्शनच्या दाबासाठी बनलेलीच हवी. कार्ब्युरेटरसाठी विकली जाणारी नळी दिसायला तशीच असते, पण ती हा दाब सोसत नाही आणि आगीचा धोका निर्माण करते.

विजेची जोडणी

जुना ईसीयू नव्या इंजिनावर चालवण्याचा मोह टाळावा. १.६ चा ईसीयू हवेचे प्रमाण झडपेच्या मापकाने मोजतो, थ्रॉटलची स्थिती त्याला केवळ "बंद" आणि "पूर्ण उघडी" अशा दोन संपर्कांनी कळते, आणि त्याचा वेळसेन्सर हेडच्या मागे कॅमच्या टोकाला बसतो. नव्या इंजिनावर वेळ ओळखण्यासाठी क्रँकवर चार दातांची चकती आणि कॅमचा स्वतंत्र सेन्सर आहे, थ्रॉटलची स्थिती सलग व्होल्टेजने कळते आणि व्हीव्हीटीच्या व्हॉल्व्हला सतत मोजूनमापून वीज द्यावी लागते, ज्याची जुन्या ईसीयूला कल्पनाच नाही.

नव्या गाडीचाच ईसीयू वापरता येतो, परंतु युरोपातील दुसऱ्या पिढीच्या गाड्यांत किल्लीतील चिप ओळखणारा इमोबिलायझर असतो. त्यामुळे ईसीयू, इमोबिलायझरचा डबा, किल्लीभोवतीचे कडे आणि किल्ली हा संच एकाच गाडीतून आणि एकत्रच यावा लागतो. त्यातील एकही वस्तू मागे राहिली तर इंजिन सुरू होणार नाही.

माझे मत तिसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे : मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा स्वतंत्र ईसीयू घ्यावा आणि इंजिनापुरती वायरिंग नव्याने बांधावी. दिवे, इंडिकेटर, वायपर यांची जुनी वायरिंग तशीच ठेवावी. असा ईसीयू मॅनिफोल्डमधील दाब आणि हवेचे तापमान यांवरून हिशेब करतो, त्यामुळे झडपेचा मापक आणि त्याची लांबलचक नळी निघून जाते. चार दातांची चकती त्याला पुरते; ३६ दातांच्या जागांतून एक किंवा दोन दात वगळलेली चकती घातली तर क्रँकची स्थिती अधिक अचूक कळते. सर्व सेन्सरांची अर्थिंग ईसीयूच्या सेन्सर-अर्थवरच आणावी. सांगाड्याला कोठेही जोडू नये. इंजिनाचा ब्लॉक आणि सांगाडा यांच्यामध्ये जाड अर्थ पट्टी द्यावी. नळ्यांच्या सांगाड्यावर पावडर कोटिंग असते आणि ते वीज वाहू देत नाही, म्हणून पट्टीच्या जागी कोटिंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्यावा.

अल्टरनेटरविषयीची सूचना वेगळी सांगतो, कारण येथे अनेकांच्या बॅटऱ्या गेल्या आहेत. पहिल्या पिढीच्या अल्टरनेटरमध्ये व्होल्टेज राखणारा रेग्युलेटर आतच आहे. दुसऱ्या पिढीत ते काम ईसीयू करतो. नवा अल्टरनेटर जुन्या तारांना जोडला तर व्होल्टेजवर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. तुमच्या स्वतंत्र ईसीयूमध्ये अल्टरनेटर नियंत्रणाची सोय नसेल तर पहिल्या पिढीतील १.८ चा अल्टरनेटर बसवावा. पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास आकडा आहे ना, हे मल्टिमीटरने तपासावे. जुन्या गाडीत तेलाच्या दाबाचा काट्याचा खरा मापक असेल, तर त्याचा सेन्सरही जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर लावावा, म्हणजे तो चालू राहील.

पहिली सुरुवात

तेल भरून झाल्यावर स्पार्क प्लग काढावेत, इंजेक्टरांची वीज तोडावी आणि स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे. तेलाच्या दाबाचा काटा हलला की मगच प्लग घालावेत. इंजिन सुरू होताच ईसीयूला इग्निशनची वेळ एका आकड्यावर, उदाहरणार्थ पिस्टनच्या वरच्या बिंदूपूर्वी १० अंशांवर, स्थिर ठेवण्यास सांगावे आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण खरोखर १० अंश दाखवते का ते पाहावे. दाखवत नसेल तर ईसीयूमधील चकतीचा कोन दुरुस्त करावा. ही पडताळणी न करता पुढे केलेले सारे ट्यूनिंग चुकीच्या पायावर उभे राहते आणि जास्त भाराखाली पिस्टन फुटू शकतात.

कूलंटमधील हवा निघेपर्यंत गाडीचे नाक उंच ठेवून इंजिन तापवावे. व्हीव्हीटी पहिल्या दिवशी बंदच ठेवावी. इंजिन शांतपणे चालू लागले, गळती नाही याची खात्री झाली, की मग ती सुरू करून कॅम मागितलेल्या कोनाला पोहोचतो का ते लॅपटॉपवर पाहावे. तेल गार असताना तो आळसावलेला असतो, त्यामुळे निर्णय तापलेल्या इंजिनावर घ्यावा. पेट्रोल-हवेचे मिश्रण वाइडबँड (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरने तपासत गाडी हळूहळू फिरवावी आणि शेवटचे ट्यूनिंग रोलिंग रोडवर (चाके रोलरवर फिरवून गाडी जागीच चालवणाऱ्या यंत्रावर), हे इंजिन जाणणाऱ्या माणसाकडून करून घ्यावे.

कागदपत्रे

ब्रिटनमध्ये इंजिन बदलल्यावर त्याचा क्रमांक आणि क्षमता डीव्हीएलए या वाहन नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेला कळवून नोंदणीपत्रात बदल करून घ्यावा लागतो, म्हणून इंजिन खरेदीची पावती जपून ठेवावी. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरतो. सांगाड्याला कापाकापी मात्र करू नये, कारण त्यातून गाडीच्या ओळखीचाच प्रश्न उभा राहू शकतो. सुदैवाने या बदलात त्याची गरजही पडत नाही. पुण्या-मुंबईतील मित्र असेच काम तेथे करता येईल का म्हणून विचारतात, त्यांना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आधी वाचावे असे सांगतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी न जुळणारे बदल तेथे परवानगीशिवाय करता येत नाहीत.

पहिल्या पाचशे मैलांनंतर तेल व फिल्टर बदलावेत, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट आणि इंजिन माउंटचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पाण्याच्या प्रत्येक क्लिपवरून कोरडा कागद फिरवून ओल शोधावी. हेडच्या मागे नव्याने घातलेल्या जोडापासून सुरुवात करावी, कारण गळती बहुधा तेथेच आधी दिसते.